अक्कलकोटच्या पेठेतलं कापडदुकान

मुंबईच्या फोर्टात 1891 साली आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स उघडलं. कोलकात्यात 1882 साली सुरू झालेल्या व्हाइटअवे लेडलॉनेही पुढे हॉर्नबी रोडवर मोठं दुकान थाटलं. टाचणीपासून ट्रंकेपर्यंत सगळं एका छपराखाली, किंमत ठरलेली, घासाघीस नाही, आणि व्हाइटअवेकडे तर उधारीही नाही. 1897 साली खोराकीवाला कुटुंबाचं अकबरअलीज आलं. स्वदेशीच्या लाटेत 1906 साली लोकमान्य टिळक आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकारानं बॉम्बे स्वदेशी स्टोअर्स उभं राहिलं. मोठ्या दुकानांचा इतिहास सांगायचा तर तो या नावांपासून सांगितला जातो. मला तो अक्कलकोटच्या पेठेपासून सांगावासा वाटतो.

1901 च्या जनगणनेत अक्कलकोटची वस्ती आठ हजारांच्या थोडी वर होती. भोसल्यांचं संस्थान, वाडा, आणि वाड्याच्या आधारानं वाढलेली बाजारपेठ. मजल्यांचं दुकान इथं कुणी बांधलं नाही. पण पेठ हेच एक आडवं पसरलेलं दुकान होतं. इथं कापड, तिथं किराणा, पुढं भांडी, कोपऱ्यावर सराफ, आणि प्रत्येक गाळ्यामागे एक कुटुंब. खाली दुकान, मागे किंवा वर बिऱ्हाड. मुलगा शाळेतून आला की दप्तर ठेवून गादीवर बसायचा आणि तागे उलगडता-गुंडाळता धंदा शिकायचा.

या पेठेला दोन आधार होते. एक स्वामी समर्थ. 1857 च्या सुमारास स्वामी अक्कलकोटात आले आणि 1878 साली समाधिस्थ होईपर्यंत इथंच राहिले. त्यामुळं दत्तसंप्रदायाच्या नकाशावर हे गाव कायमचं आलं. दुसरा आधार रेल्वे. 1860 साली गाडी सोलापूरपर्यंत आली, आणि 1871 पर्यंत तीच लाइन रायचूरपर्यंत गेली. अक्कलकोट रोड स्टेशन गावापासून दहा-अकरा किलोमीटरवर पडलं, त्यामुळं गठ्ठे तिथून बैलगाडीनं यायचे. पूर्वेला निजामाचा मुलूख लागून होता. त्या बाजूला माल न्यायचा तर करोडगिरीचं नाकं ओलांडावं लागे. सरहद्दीवरच्या व्यापाऱ्याला दोन राज्यांचे कायदे आणि तीन भाषा येणं भागच होतं. गिऱ्हाईक कन्नडमध्ये भाव विचारणार, शेजारी बसलेला दख्खनीत बोलणार, आणि दिवाणजी हिशेब मोडीत लिहिणार. आजही पेठेतला दुकानदार एका वाक्यात मराठीतून कन्नडमध्ये जातो आणि परत येतो, त्यात त्याला विशेष काही वाटत नाही.

पण दुकान खऱ्या अर्थानं चालायचं ते बस्त्यावर. लग्न ठरलं, याद्या झाल्या की दोन्हीकडची माणसं मिळून कापडदुकानात यायची. मैंदर्गी, नागणसूर, वागदरी, चपळगाव, जेऊर अशा गावांतून सकाळीच गाडी जुंपून निघायचं. दुकानात पांढरीशुभ्र गादी, तिच्यावर आधी चार जाणती माणसं टेकणार. बाया भिंतीकडेला. चहा व्हायचा. मग मालक पहिल्यांदा नवरीचा शालू काढायचा, त्याला हळदकुंकू लावलं जायचं आणि बस्त्याला सुरुवात. शालूनंतर खरी कसोटी. वरमाईची साडी कितीची, करवलीची कितीची, मामीची आणि आत्याची सारखी की वेगळी? लाल-पांढऱ्या टोपपदराचं इरकल घ्यायचं की सोलापूरची साडी? गुळेदगुड्डचे खण किती नग? धोतरजोड्या, टोप्या, टॉवेल, उपरणी, फेट्याचं कापड, आणि शेवटी अंथरूण-पांघरुणासाठी सोलापुरी चादरी. ढीग वाढत जायचा, आवाजही वाढायचे.

इथं मालकाचं काम कापड विकण्यापुरतं नसायचं. चार वर्षांपूर्वी याच घरातल्या थोरलीचा बस्ता कितीचा झाला होता, हे त्याच्या डोक्यात असायचं. धाकटीला त्याहून हलकं निघालं तर उद्या घरात बोलणं होईल, हे ओळखून तो न सांगताच योग्य तागा पुढं सरकवायचा. दोन व्याही अडून बसले की मधे पडायचा. कुणाला परवडत नाही हे चारचौघांत उघडं न पडू देता स्वस्तातली साडी अशा शब्दांत दाखवायचा की घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये. ठरलेल्या किमतीच्या पाटीला हे जमत नाही. व्हाइटअवेची रोखीची शिस्त मोठीच, पण ती पगारदार माणसाची शिस्त होती. ज्याचा पैसा वर्षातून एकदा येतो त्याला ती उपयोगाची नव्हती.

अक्कलकोट तालुका कमी पावसाचा, रब्बी ज्वारीचा आणि तुरीचा. तूर दुधनीच्या बाजारात जायची, ज्वारी फाल्गुनाच्या आसपास खळ्यावर यायची. लग्नं त्यानंतर. पण सगळ्यांचीच पट्टी लग्नाआधी हातात पडत नसे, आणि भाव पडले तर माल घरातच राही. म्हणून बस्त्याचं बिल काही रोख, बाकी सुगीला, असं मिटायचं. खतावणीत नावाखाली गाव, गावाखाली रक्कम, आणि पुढं कोऱ्या ओळी. तारण काही नाही. मालक स्वतःही सोलापूरच्या घाऊक व्यापाऱ्याकडून मुदतीवर माल आणायचा. म्हणजे नागणसूरच्या शेतात ज्वारी आली नाही तर त्याचा धक्का अक्कलकोटच्या गल्ल्याला आणि तिथून सोलापूरच्या चाटी गल्लीला बसायचा. 1972 च्या दुष्काळात तो बसला. शेतकरी खडी फोडायला गेला. अशा वर्षी वसुलीला निघायचं कुठल्या तोंडानं? दुकानदारापुढं बाकी पुढच्या वर्षाच्या वहीत ओढण्यापलीकडे मार्ग नसे. माझ्या मते पेठेची खरी मोठेपणाची वर्षं शोधायची तर ती या ओढलेल्या बाक्यांत शोधावीत, चढत्या विक्रीत नाही.

सोलापूरशी बांधलेली ही नाळ सुखाचीच होती असं नाही. 1877 साली सोलापुरात पहिली कापडगिरणी सुरू झाली, ती जुनी गिरणी. पुढं नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू. अक्कलकोटच्या फळीवरचा बराचसा माल तिथला आणि तिथल्या मागांवरचा. मे 1930 मध्ये त्याच शहरात मार्शल लॉ पुकारला गेला. 12 जानेवारी 1931 ला सोलापूरचे स्वातंत्र्यसैनिक मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे येरवड्यात फासावर गेले. त्यानंतर देशी कापड घेणं ही या भागात नुसती आवड राहिली नाही. दुसऱ्या महायुद्धात, 1943 पासून, कापडावर नियंत्रण आलं आणि विकणाऱ्यालाच माल मिळेना. 1948 साली संस्थान विलीन झालं. 1949 साली जुनी गिरणी बंद पडली, पुढच्याच वर्षी सरकारनं तिचा कारभार ताब्यात घेतला, आणि त्या वटहुकुमावरचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. घटनेच्या अभ्यासात तो खटला आजही वाचला जातो. 1982 च्या मुंबईतल्या संपानंतर गिरण्यांचं कापड आणखी मागे पडलं. इचलकरंजी, भिवंडी, मालेगावच्या यंत्रमागांचा माल आणि सुरतेच्या साड्या फळीवर चढल्या. टेरिकॉटनं धोतराची जागा घेतली, तयार कपड्यांनी शिंप्याची.

बाहेरून येणारे हे धक्के दुकानांनी सोसले. आतून आलेला धक्का वेगळा होता, तो वाटणीचा. एकत्र कुटुंबाचं दुकान आजोबांच्या नावावर चालायचं. आजोबा गेले, काका-पुतण्यांचं पटेना, की गाळ्याच्या मधोमध भिंत यायची. पाटीवर तेच नाव, एकावर ‘जुने’ आणि शेजारी ‘नवीन’. पत मात्र वाटता येत नाही. गिऱ्हाईक कुठल्या दारात शिरायचं ते ठरवेना, आणि जुन्या बाक्या कुणाच्या, यावर वर्षं जायची. मुंबईतल्या कुटुंबांनी कंपन्या काढल्या, पैसा दुसऱ्या धंद्यात घातला. खोराकीवालांच्या पुढच्या पिढीतून वोक्हार्टसारखी औषध कंपनी उभी राहिली. तालुक्याच्या पेठेत दुकान हीच शेती आणि दुकान हाच वाडा. भाऊ चार झाले तर तेरा फुटांचा गाळा चौघांना किती पुरणार?

1988 साली श्री स्वामी समर्थ अन्नछत्र मंडळाची स्थापना झाली. भाविकांची संख्या आधीच वाढत होती, आता मुक्कामाची आणि जेवणाची सोय झाल्यावर गाव वर्षभर भरलेलं राहू लागलं. गुरुवार, पौर्णिमा, प्रकटदिन, पुण्यतिथी, गुरुपौर्णिमा, दत्तजयंती या दिवशी रस्त्यात पाय ठेवायला जागा नसते. गावासाठी हे भाग्यच. पण भाविक बस्ता बांधत नाही. तो पेढे, फोटो, जपमाळ, फार तर एखादी चादर घेतो, पैसे लगेच देतो आणि पुन्हा त्याच दुकानात येईलच असं नाही. देवळाकडच्या बाजूला गाळ्याचं मोल वाढलं, आणि कापडाचे तागे उतरवून तिथं प्रसादाची ताटं लावणं हिशेबात बसू लागलं. त्यात दोष कुणाचाच नाही.

बस्ता मग कुठं गेला? चाळीस किलोमीटरवर, सोलापूरला. पूर्वी अंतरच पेठेचं रक्षण करायचं. एस.टी. वाढल्या, मग जीपगाड्या आल्या, आणि ज्या चाटी गल्लीतून अक्कलकोटचा दुकानदार माल आणायचा तिथंच त्याचं गिऱ्हाईक जाऊन बसू लागलं. वर चार मजल्यांची शोरूम, लिफ्ट, वातानुकूलित दालन, लग्नासाठी वेगळा विभाग. फोर्टातली कल्पना शंभर वर्षांनी सोलापुरात आणि तिथून आमच्या गावच्या लग्नात आली. तोवर फोर्टातलीच दुकानं बदलली होती. व्हाइटअवे लेडलॉच्या इमारतीत 1946 पासून खादी भांडार चाललं.

नोव्हेंबर 2016 ची नोटाबंदी आणि जुलै 2017 चा जीएसटी लागोपाठ आले. कापडावर पाच टक्के कर आणि प्रत्येक व्यवहाराचं बिल. सुगीची तोंडी उधारी या पद्धतीत बसत नाही. तरी खरा कठीण काळ त्यानंतरचा. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली ती ऐन लग्नसराईच्या तोंडावर. मंदिर बंद, लग्नं पाच-पन्नास माणसांत. 16 नोव्हेंबर 2020 ला, दिवाळीच्या पाडव्याला, राज्यातली मंदिरं उघडली, पुढच्या वसंतात पुन्हा बंद झाली आणि 7 ऑक्टोबर 2021 च्या घटस्थापनेला परत उघडली. पेठेची दोन्ही गिऱ्हाइकं, बस्त्याची माणसं आणि भाविक, एकाच वेळी सुटली. असं त्याआधीच्या दुष्काळांतही झालं नव्हतं.

जी दुकानं टिकली त्यांनी साडीबरोबर गणवेश, तयार कपडे, मुलांचे फ्रॉक असा माल ठेवला आहे. काही घरांत सून काउंटरवर बसते आणि नव्या साड्यांचे फोटो गावोगावच्या बायकांना मोबाइलवर पाठवते. मागणी आली की माल वडापच्या गाडीतून जातो. तिच्याकडे गिऱ्हाइकांची नावं मोबाइलमध्ये आहेत. सासऱ्यांकडे खतावणीत होती.

त्या खतावण्यांबद्दल मला कळकळीनं सांगायचं आहे. दर लक्ष्मीपूजनाला नवी वही पुजली जायची आणि जुनी माळ्यावर जायची. वरच्या बाजूला ‘श्री’, लाभ-शुभ, खाली गावोगावची नावं आणि रकमा. कुठल्या सालात कोणत्या गावात किती लग्नं झाली, इरकल केव्हा थांबलं आणि सहावारी केव्हा सुरू झाली, दुष्काळाची बाकी किती वर्षांनी फिटली, हे सगळं त्यात आहे. तालुक्याच्या शेतकरी घरांचा असा हिशेब दुसऱ्या कुठल्या दप्तरात सापडणार नाही. गाळा विकला, घर पाडलं की या वह्या किलोच्या भावानं रद्दीत जातात. सोलापूरला विद्यापीठ आहे, मोडी वाचणारी माणसं अजून आहेत. ज्या घरांत अशा वह्या उरल्या असतील त्यांनी येत्या दिवाळीच्या साफसफाईत त्या खाली काढाव्यात, धूळ झटकावी आणि विद्यापीठाच्या इतिहास विभागाला निदान एकदा दाखवाव्यात.