नाव फाटलेलं हँडबिल

हँडबिल हाती आलं की मी आधी ते वाचत नाही. पालथं करतो आणि मागच्या बाजूवरून बोट फिरवतो. खिळे जुळवून ट्रेडलवर छापलेलं असेल, तर अक्षरांचा दाब बोटाला लागतो. ऑफसेटचा कागद मागून सपाट असतो. मग कागद नाकाशी नेतो. माळ्यावर पडून राहिलेल्या कागदाला धुळीचा कोरडा वास येतो, पाणी लागून वाळलेल्याला कुबट. कुबट कागद आठवडाभर वेगळा ठेवावा लागतो, नाहीतर त्याची बुरशी शेजारच्या कागदाला धरते. वाचन त्यानंतर.

मी जमवतो ते जादूगार रघुवीर यांच्या खेळांचे कागद: हँडबिलं, तिकिटं, मंडळांच्या स्मरणिकांतल्या जाहिराती, वर्तमानपत्रांची कात्रणं. रघुवीर म्हणजे रघुवीर भोपळे, चाकणजवळच्या आंबेठाणचे. जन्म १९२४, मृत्यू १९८४. पुण्यात राहून त्यांनी महाराष्ट्रभर खेळ केले, परदेशांत दौरे केले आणि ‘प्रवासी जादूगार’ हे पुस्तकही लिहिलं. लहानपणी मी त्यांचा एक खेळ वडिलांच्या मांडीवर बसून पाहिला. रिकाम्या हातातून काहीतरी निघालं आणि वडिलांचा श्वास अडकला, तो माझ्या पाठीला जाणवला. हातातून काय निघालं ते आठवत नाही, वडिलांचा श्वास आठवतो.

नाटकाची संहिता मागे राहते, गाण्याची तबकडी राहते. जादूचा खेळ पडदा पडला की संपतो आणि जादूगाराला तो तसा संपायलाच हवा असतो. मागे राहतो तो पातळ रंगीत कागदाचा तुकडा, आणि तोही संध्याकाळपुरताच छापलेला असतो. म्हणून तो जपायचा.

हे कागद दुकानात मिळत नाहीत. ते मिळतात घर रिकामं होताना. कल्याणात पारनाक्याच्या बाजूचे वाडे उतरवले जातात, डोंबिवली पूर्वेच्या दोन मजली चाळी पुनर्विकासाला जातात, तेव्हा चाळीस-पन्नास वर्षांचे माळे दोन दिवसांत खाली येतात. भांडी भंगारवाल्याकडे, कागद रद्दीत. हँडबिल सुटं क्वचितच सापडतं. ते पत्र्याच्या ट्रंकेच्या तळाला अंथरलेलं असतं, शाळेच्या पुस्तकाला घातलेल्या कव्हरच्या आत असतं, नाहीतर फडताळात डब्यांखाली तेलकट होऊन बसलेलं असतं. ठाणे, डोंबिवली, कल्याण मिळून सहा रद्दीवाले मला ओळखतात. “काका, जादूचं काहीतरी दिसतंय,” असा फोन आला की मी एवढंच सांगतो, गठ्ठा सोडू नकोस, झटकू नकोस, मी येतोय. तो किलोने घेतो, मी नगावर पैसे देतो. त्याने थांबून पाहिलं, त्याचे ते पैसे असतात.

तळमजल्यांवरून आता फारसं काही येत नाही. २६ जुलै २००५ च्या पाण्यात कल्याणच्या सखल भागातल्या ट्रंका भिजल्या त्या भिजल्याच.

सगळ्यात वेळखाऊ काम म्हणजे साल ठरवणं. हँडबिलावर वार असतो, तारीख असते, साल कधीच नसतं. ज्याला परवाच्या रविवारी बोलवायचंय त्याला साल कशाला सांगायचं? मग कागदच उलटसुलट वाचावा लागतो. दर आण्यांत असतील तर १ एप्रिल १९५७ च्या आधीचा. ‘न. पै.’ म्हणजे नये पैसे असतील तर तिथपासून १९६४ पर्यंतचा. पत्त्यात पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. बाकीचं काम वार आणि तारीख करतात. समजा, रघुवीर यांच्या हँडबिलावर ‘गडकरी रंगायतन, रविवार ता. २५ जानेवारी’ एवढंच आहे. ठाण्याचं रंगायतन सुरू झालं १९७८ च्या अखेरीस, रघुवीर गेले १९८४ मध्ये. मधल्या सहा जानेवारींत पंचवीस तारखेला रविवार येतो तो फक्त १९८१ साली. असं साल हाती लागतं तेव्हा माझी त्या दिवसाची लोकलची गर्दी वसूल होते.

जपण्याच्या बाबतीत माझ्या हातून एक मोठी चूक झाली आहे. सुरुवातीच्या काळात एक गुलाबी हँडबिल मी लॅमिनेट करून आणलं. चकचकीत दिसलं, चार जणांना दाखवलं. सात-आठ वर्षांत प्लास्टिकच्या आत गुलाबी रंग उडत गेला आणि कागदाला तपकिरी डाग धरले. आता तो कागद बाहेर काढता येत नाही. उष्णतेने चिकटलेला थर ओढला तर अक्षरं त्याच्याबरोबर निघतील. त्या कागदाचा जीव मी घेतला, असंच मला वाटतं. सेलोटेपचंही तेच, टेप सुकून पडते आणि तिचा पिवळा पट्टा राहतो. आता फाटलेल्या जागी मागून पातळ जपानी टिश्यू लावतो, गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने, मऊ ब्रशने. कधी काढावा लागलाच तर ओल्या कापसाने सुटतो. कागद पॉलिएस्टरच्या पाकिटात, पाकिटं पुठ्ठ्याच्या पेटीत, पेटीच्या कोपऱ्यात वेखंडाची पुरचुंडी. खाडीकाठच्या दमट हवेत कसर थांबत नाही, तिला लांब ठेवता येतं इतकंच. पावसाळ्यात पेटी उघडतच नाही.

जादूचं सामान मात्र मी घेत नाही. ठाण्याहून एकदा निरोप आला, घरातल्या एका कलाकाराची पेटी आहे, आत चोरकप्पा आहे, या आणि बघा. गेलो, पेटी बाहेरून पाहिली आणि त्यांना सांगितलं की ही एखाद्या खेळ करणाऱ्या माणसाला द्या. रघुवीर यांच्यामागे मुलगा विजय आणि नातू जितेंद्र यांनी खेळ चालू ठेवला. ज्या विद्येवर घराची चूल पेटते, ती विद्या संग्राहकाने काचेच्या कपाटात उघडी करून ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे. जगात याच्या उलट घडलेलं दिसतं. हातकड्या, कुलूपबंद पेट्या आणि पाण्याने भरलेली काचेची कोठडी यांतून सुटून दाखवणारा हूडिनी १९२६ मध्ये गेला. आपलं सामान भाऊ हार्डीन याने वापरावं आणि त्याच्यामागे ते नष्ट व्हावं, अशी त्याची इच्छा होती. हार्डीनने त्यातलं बरंच एका तरुण संग्राहकाला विकलं. ती पाण्याची कोठडी पुढे नायगाराच्या संग्रहालयात गेली आणि १९९५ च्या आगीत होरपळली.

हूडिनी स्वतः मात्र कागदांचा मोठा संग्राहक होता. विस्मरणात गेलेल्या जादूगारांची हँडबिलं तो गावोगाव शोधायचा, त्यांच्या थडग्यांची डागडुजी स्वखर्चाने करायचा. ज्या फ्रेंच जादूगाराच्या नावावरून त्याने आपलं नाव घेतलं, त्या रॉबेर-हूदँचे ‘नवे’ खेळ आधीच्या लोकांचे होते, हे दाखवायला १९०८ च्या पुस्तकात त्याने जुनी हँडबिलं पुरावा म्हणून मांडली. निष्कर्ष काढताना त्याने हूदँवर अन्याय केला, हे नंतरच्या अभ्यासकांनी दाखवून दिलं. पण हँडबिल हा पुरावा आहे, ही दृष्टी मी त्याच्याकडून घेतली. आणि पुरावा म्हटला की तो जेवढं सांगतो तेवढंच लिहायचं.

याची परीक्षा गेल्या वर्षी झाली. डोंबिवली पूर्वेला एक चाळ रिकामी होत होती. रद्दीवाल्याने निरोप दिला, तिसऱ्या खोलीतल्या आजींकडे एक कागद आहे, पण त्या तो विकत नाहीत. मी गेलो. ऐंशी ओलांडलेल्या आजींनी पोथीच्या फडक्यातून कागद काढला. पिवळा, वरचा अडीच बोटांचा भाग फाटलेला, म्हणजे जादूगाराचं नावच गेलेलं. खाली ‘शनिवार ता. १४ व रविवार ता. १५ फेब्रुवारी’, कल्याणातल्या एका शाळेचं पटांगण, दर ‘रु. १ व ५० न. पै.’. नये पैशांच्या काळात पंधरा फेब्रुवारीला रविवार एकदाच आला, १९५९ साली. पाठीमागे पेन्सिलीने दुधाचा हिशेब, शेरांत. आणि पुढच्या बाजूला अगदी तळाशी, जाड खिळ्यांत एक ओळ: प्रेक्षकांनी आपापली कुलुपे बरोबर आणावीत.

“रघुवीरच होते ते,” आजी म्हणाल्या.

“तुम्ही पाहिलात खेळ?”

“मी कुठली पाहतेय! तेव्हा आम्ही कल्याणला वाड्यात राहायचो. लग्नाला वर्ष झालं होतं. भावजींनी हे वाचलं आणि घराचंच कुलूप काढून घेतलं. सगळे गेले. दाराला कुलूप नाही म्हटल्यावर कुणीतरी घरी थांबायला हवं ना? धाकटी सून मी.”

“मग रघुवीर होते हे कुणी सांगितलं?”

“भावजींनी. रात्री आल्यावर तासभर सांगत होते. पेटीला आपलं कुलूप लावलं, किल्ली आपल्या खिशात, आणि माणूस मागून प्रेक्षकांतून चालत आला. ते कुलूप सगळ्यांनी हातात घेऊन पाहिलं. शेवटी माझ्याकडे आलं, दाराला लावायला.”

त्यांनी फडक्याची दुसरी गाठ सोडली. आत बोटभर लांबीची लोखंडी किल्ली होती. कुलूप वाड्याबरोबर गेलं, त्या म्हणाल्या. कागद त्यांनी माझ्या हातात ठेवला. “तुमच्याकडे नीट राहील. नव्या घरात माळाच नाही.” पैसे घेतले नाहीत.

घरी येऊन खळ केली, फाटलेल्या कडेला मागून टिश्यू लावला, दुधाच्या हिशेबाचा एकही आकडा झाकला जाणार नाही असा. वहीत लिहिलं: ‘हँडबिल, पिवळा कागद, ट्रेडल छपाई. कल्याण, १४-१५ फेब्रुवारी १९५९. जादूगाराचे नाव फाटलेले. रघुवीर यांचा खेळ असल्याचे दिराकडून ऐकल्याचे घरच्या सुनेने सांगितले. तिने खेळ पाहिला नाही, घराचे कुलूप खेळाला नेल्यामुळे.’ आणि पाकीट रघुवीर यांच्या पेटीत न ठेवता शेजारच्या, अनिश्चित कागदांच्या पेटीत ठेवलं. किल्ली मी मागितली नव्हती.