रॉड्री नसताना

कोणता खेळाडू गेला तर फुटबॉल संघाचं सर्वांत जास्त अडेल, असं विचारलं की बोट आपसूक गोल मारणाऱ्याकडे वळतं. पण खेळाडूची थोरवी वेगळी आणि त्याच्या गैरहजेरीची किंमत वेगळी; ही किंमत ठरते त्याच्यात आणि त्याच्या जागी उतरणाऱ्यात किती अंतर आहे, यावरून. मँचेस्टर सिटी या इंग्लिश क्लबचा 2023-24 चा हंगाम पाहा. प्रीमियर लीगमध्ये सर्वाधिक, 27 गोल त्यांच्या आघाडीच्या फळीतल्या हालंडचे. दुखापतीमुळे डिसेंबर-जानेवारीत तो लीगच्या पाच सामन्यांना मुकला. सिटीने त्यांतले चार जिंकले, एक बरोबरीत सोडवला. अख्ख्या हंगामात लीगमध्ये सिटी हरली तीनदा, आणि तिन्ही वेळा मधल्या फळीतला रॉड्री संघात नव्हता. गोलांचा भार फोडेन, आल्वारेझ हे संघातले इतर खेळाडू वाटून घेऊ शकत होते. पण चेंडू पुढे खेळवणं आणि तो हातचा गेला की प्रतिहल्ला तिथेच मोडणं, ही दोन्ही कामं एकट्याने पेलणारा दुसरा कोणी नव्हता.

तीन सामन्यांवरून काय ठरवायचं, हा आक्षेप रास्तच आहे. शिवाय त्यांतले दोन आर्सेनल आणि अॅस्टन व्हिला या तगड्या संघांच्या मैदानांवरचे. म्हणून पुढचा हंगाम मोलाचा. सप्टेंबर 2024 मध्ये रॉड्रीच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला. नंतर सर्व स्पर्धा मिळून सिटी ओळीने पाच सामने हरली, तेही हालंड उपलब्ध असताना, आणि लीगमधले गुण 91 वरून 71 वर आले. इतरांच्या दुखापती, वाढती वयं हीदेखील कारणं होतीच. सगळे 20 गुण रॉड्रीच्या नावे मांडणं भाबडेपणाचं. तरी उणीव कुठे होती, याची खूण म्हणजे फेब्रुवारी 2025 मध्ये क्लबने पोर्तोहून निको गोन्झालेझ हा मधल्या फळीतलाच खेळाडू आणला.