एका मोटारीचे नवे रूप आणि तिचे धनी

जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरी १९९७ सालच्या सप्टेंबर महिन्यात मोटारींचे मोठे प्रदर्शन भरले होते. स्टुटगार्ट येथील पोर्शे कारखान्याने त्यात आपल्या ‘९११’ या नामांकित स्पोर्ट्स मोटारीची सर्वस्वी नवी आवृत्ती लोकांपुढे ठेवली. ह्याच फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात १९६३ साली ही मोटार प्रथम अवतरली होती. मधल्या चौतीस वर्षांत तिच्यात लहानमोठ्या सुधारणा पुष्कळ झाल्या, परंतु तिचा मूळ पिंड कोणी बदलला नव्हता. तो १९९७ साली बदलला. ह्या नव्या आवृत्तीचा कारखान्यातील अंतर्गत क्रमांक ९९६ असा होता. तिच्याविषयी तिच्या धन्यांमध्ये जो मतभेद उत्पन्न झाला, तो पाव शतक उलटून गेले तरी पुरता मिटलेला नाही. वरवर पाहता हा हौशी आणि सधन लोकांचा वाद आहे. परंतु त्याच्या बुडाशी पदार्थविज्ञानातील एक सरळ धडा आहे, आणि बुडू पाहणाऱ्या एका कारखान्याचा हिशेबही आहे. विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी तो समजून घ्यावा, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

प्रथम जुन्या मोटारीची ओळख करून घेऊ. तिचा आराखडा फर्डिनांड अलेक्झांडर पोर्शे ह्या तरुणाने आखला. फोक्सवागेन कारखान्याची ‘बीटल’ म्हणून जगभर गाजलेली छोटी मोटार ज्यांनी निर्माण केली, त्या फर्डिनांड पोर्शे यांचा हा नातू. नव्या मोटारीचे नाव प्रारंभी ‘९०१’ असे ठेवले होते. परंतु मध्ये शून्य असलेली तीन अंकी नावे आपल्या हक्काची आहेत, अशी हरकत फ्रान्समधील प्यूजो कंपनीने घेतली, आणि एका अंकाच्या फेरफाराने ‘९११’ हे नाव रूढ झाले. आजोबांच्या बीटलप्रमाणेच नातवाच्या मोटारीचे इंजिनही पाठीमागे, मागच्या चाकांच्याही पलीकडे बसविलेले होते, आणि तेही हवेनेच थंड होई. त्यात सहा सिलिंडर होते, एका बाजूस तीन व दुसऱ्या बाजूस तीन, असे आडवे निजविलेले. त्यांच्यावर एक मोठा पंखा फिरे. त्या पंख्याची घरघर आणि उघड्या धातूचा खडखडीत नाद मिळून जो आवाज निघे, तो ऐकून डोळे मिटलेला माणूसही मोटारीचे नाव सांगू शके, अशी तिच्या धन्यांची प्रौढी होती. ती सर्वस्वी खोटी नव्हती.

आता इंजिन थंड का करावे लागते ते पाहू. पेट्रोल जळताना सिलिंडरमधील वायूचे तापमान दोन हजार अंश सेल्सिअसच्या वर जाते. ॲल्युमिनियम तर ६६० अंशांवरच वितळते. पेट्रोलमधील ऊर्जेपैकी साधारणपणे एक-तृतीयांश भाग चाके फिरविण्याच्या कामी येतो. जवळजवळ तितकाच धुरावाटे निघून जातो, आणि उरलेली उष्णता इंजिनाच्या अंगात मुरू पाहते. तिला बाहेर काढले नाही तर दट्ट्या सिलिंडरला चिकटून बसेल. आपल्या रस्त्यावरून धडधडत जाणारी बुलेट मोटारसायकल आपण सर्वांनी पाहिली आहे. तिच्या सिलिंडरभोवती धातूच्या पातळ पातळ पट्ट्यांची झालर असते. ती शोभेसाठी नसते. पृष्ठभाग वाढला म्हणजे वारा अधिक उष्णता वाहून नेतो, हे त्या झालरीचे प्रयोजन. जुन्या ९११ मध्ये हीच युक्ती होती. मात्र तिचे इंजिन मोटारीच्या पोटात झाकलेले असल्यामुळे तेथे वारा पोहोचविण्यासाठी पंखा लागे, आणि उष्णतेचा मोठा वाटा आठ-दहा लिटर तेल वाहून नेई.

ही युक्ती साधी खरी. पाणी नाही, म्हणून ते गोठण्याची, उकळण्याची वा गळण्याची धास्ती नाही. परंतु हवा ही उष्णतेची फार दुबळी वाहक आहे. तापमानात सारखीच वाढ होऊ दिली, तर हवेच्या मानाने तितक्याच आकारमानाचे पाणी तीन हजार पटींहून अधिक उष्णता सामावून घेते. शक्ती कमी हवी होती तोवर हवेने भागले. पुढे दोन गोष्टी आडव्या आल्या. एक म्हणजे धूर आणि आवाज ह्यांवरील सरकारी निर्बंध कडक होत गेले. पाण्याच्या वेष्टनामुळे इंजिनाचा आवाज दबतो. उघड्या इंजिनाला ती सोय नाही. दुसरी अडचण अधिक नाजूक होती. पेट्रोल स्वच्छ जळावे आणि शक्तीही वाढावी, ह्यासाठी प्रत्येक सिलिंडरला दोनाऐवजी चार झडपा देणे इष्ट असते. परंतु चार झडपा दाटीवाटीने बसविल्या की त्यांच्यामधील धातूची अरुंद पट्टी विलक्षण तापते, आणि तेथवर वारा पोहोचत नाही. पाण्याला मात्र ओतीव धातूत कोरलेल्या बारीक वाटांनी तेथे नेता येते. पोर्शेच्या तंत्रज्ञांना हे ठाऊक नव्हते असे नाही. १९८६ सालच्या ‘९५९’ ह्या अतिवेगवान मोटारीत त्यांनी सिलिंडर हवेने आणि त्यांची डोकी पाण्याने थंड करण्याची तडजोड केलीच होती.

तेव्हा पाणी येणार हे ठरल्यासारखेच होते. प्रश्न होता तो पैशाचा. १९८०-९० ह्या दशकाच्या मध्यास हा कारखाना वर्षाला पन्नास हजारांवर मोटारी विकीत होता. १९९२-९३ च्या आर्थिक वर्षात ती संख्या चौदा हजारांच्या आसपास घसरली. कारखाना दुसऱ्या कोणाच्या घशात जाणार अशी बोलवा होती. ह्या बिकट प्रसंगी व्हेंडेलिन व्हीडेकिंग यांच्या हाती सूत्रे आली. त्यांनी टोयोटाच्या पद्धतीत मुरलेले जपानी सल्लागार बोलावले. स्टुटगार्टच्या जुन्या कारागिरांना परक्याने येऊन काम शिकवावे, हे त्यांच्या किती जिवावर आले असेल त्याची कल्पना करता येते. परंतु गोदामातील सुट्या भागांचे डोंगर कमी झाले, मोटार बनविण्यास लागणारा वेळ घटला, आणि एक मोठा निर्णय झाला. स्वस्त अशी ‘बॉक्स्टर’ आणि महाग अशी ९११, ह्या दोन मोटारी जोडीनेच आखावयाच्या आणि दोघींचे दरवाजे, पुढचा भाग, दिवे शक्यतो एकच ठेवावयाचे. बॉक्स्टर १९९६ साली बाजारात आली आणि तिच्या मागोमाग नवी ९११.

येथेच वादाची ठिणगी पडली. पाण्याबद्दल लोक कुरकुरले, पण खरा संताप उसळला तो दिव्यांवरून! जुन्या ९११ ला बेडकाच्या डोळ्यांसारखे वाटोळे दिवे होते. नवीचे दिवे लांबट व खाली ओघळल्यासारखे होते आणि वळणाचा नारिंगी इशारा त्याच काचेत मिसळला होता. लोकांनी त्यांना तव्यावर फोडलेल्या अंड्याची उपमा दिली, आणि ती मोटारीला कायमची चिकटली. त्यातही दुखणे निव्वळ सौंदर्याचे नव्हते. पुष्कळ अधिक पैसे मोजून घेतलेली मोटार समोरून येताना शेजाऱ्याच्या स्वस्त बॉक्स्टरसारखीच दिसावी, हे धन्यांना झोंबले. घरातील धाकट्याला आणि थोरल्याला एकाच ताग्यातील सदरे शिवले की थोरला रुसतो, तसाच हा प्रकार होता.

इतर तक्रारी बारीक होत्या, पण मनापासूनच्या होत्या. पायाखालच्या कळा पूर्वी जमिनीतून वर येत, त्या आता वरून लोंबू लागल्या. तक्त्यावरील पाच गोल घड्याळे एकमेकांवर चढली. आतील प्लास्टिक हलके वाटे. मोटार १८५ मिलिमीटरनी लांब आणि ३० मिलिमीटरनी रुंद झाली होती.

आता दुसरी बाजू. नव्या मोटारीचे इंजिन ३.४ लिटरचे, म्हणजे आधीच्या ३.६ लिटरच्या इंजिनाहून लहान. तरी त्याने ३०० अश्वशक्ती दिली. आधीच्याने अखेरीस २८५ दिली होती. आकाराने वाढूनही मोटार सुमारे ५० किलोग्रॅमनी हलकी झाली. वाऱ्याचा अडथळा कमी झाला. हिवाळ्यात आत ऊब नीट येऊ लागली. जुन्या मोटारीत ही सोय बेताचीच होती. ज्यांनी पूर्वी ९११ कधी बाळगली नव्हती, त्यांना ही मोटार फार आवडली. रोज कामावर नेता येणारी, भरवशाने वळणारी, लांबच्या प्रवासात थकवा न आणणारी अशी ही ९११ होती. जुन्या धन्यांना हीच तिची उणीव वाटे. अंगी कौशल्य नसलेल्या चालकाला जुनी मोटार वळणावर शिक्षा करी, आणि ती शिक्षा चुकविणे ह्यात त्यांना अभिमान होता. तो अभिमान मला समजतो. परंतु चालकाला कमी घाबरविते म्हणून एखादी मोटार वाईट ठरते, हे काही पटत नाही. एकंदर सुमारे १ लाख ७५ हजार मोटारी ह्या आवृत्तीच्या निघाल्या. आधीच्या आवृत्तीच्या सत्तर हजारही नव्हत्या. त्या वेळी तरी कारखाना कोणाच्या घशात गेला नाही.

मात्र एक तक्रार अशी होती की तिच्यापुढे जुना-नवा हा भेद टिकत नाही. इंजिनाच्या मुख्य दांड्याची गती साखळ्यांच्या द्वारे झडपांपर्यंत नेण्यासाठी ह्या इंजिनात एक मधला दांडा आहे. त्याच्या एका टोकास छर्ऱ्यांचे बेअरिंग असते. ते दोन्ही बाजूंनी बंद केलेले असून वंगण त्याच्या आतच भरलेले असते. काळ जाता इंजिनाचे तेल आत झिरपे, मूळचे वंगण धुऊन जाई आणि छर्रे झिजू लागत. प्रारंभीच्या इंजिनांत छर्ऱ्यांच्या दोन रांगा होत्या, पुढे एकच ठेवली. ही एक रांगच अधिक दगा देणारी निघाली. बेअरिंग तुटले की दांडा डळमळतो, साखळीचे दात सुटतात, झडपा आणि दट्ट्ये एकमेकांवर आदळतात आणि क्षणापूर्वी सुरळीत चालणारे इंजिन भंगारात जाते. बहुतेक मोटारींत असे झाले नाही, हे खरे. परंतु ज्याच्या वाट्याला हे आले त्याला सरासरीचा काय उपयोग? अमेरिकेत धन्यांनी एकत्र येऊन न्यायालयात दावा लावला. २००१ ते २००५ ह्या काळातील मोटारींपुरती त्यात २०१३ साली तडजोड झाली.

गंमत अशी की, ह्याच आवृत्तीच्या ‘टर्बो’ आणि ‘जीटी ३’ ह्या जातींना हा रोग नव्हता. त्यांचे इंजिन वेगळ्या घराण्याचे होते. हान्स मेत्सगर ह्या थोर तंत्रज्ञाच्या जुन्या बांधणीवर ते उभे होते. १९९८ साली फ्रान्समधील ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकणाऱ्या पोर्शेचे इंजिनही त्याच वंशातले. तेही पाण्यानेच थंड होणारे! पाण्याच्या नावाने बोटे मोडणारे पुष्कळ जण ह्या दोन मोटारींची मात्र तोंड भरून स्तुती करीत. तेव्हा पाण्यावर ठेवलेला ठपका पाण्याचा नव्हता. त्याचे खरे धनी होते काटकसर, ते एक बेअरिंग आणि दिव्यांची ती काच.

कारखान्याने काही गोष्टी ऐकल्या. २००२ सालच्या मोटारींना बॉक्स्टरहून निराळे, टर्बोच्या धाटणीचे दिवे आले आणि इंजिन ३.६ लिटर व ३२० अश्वशक्तीचे झाले. २००४ साली ९९७ ही पुढची आवृत्ती आली. तिच्यावर वाटोळे दिवे पुन्हा अवतरले आणि वळणाचे इशारे वेगळे झाले. पाणी मात्र कोणत्याच आवृत्तीतून पुन्हा गेले नाही. त्याबद्दल आता फारसे कोणी बोलतही नाही.

वाऱ्यावर थंड होणाऱ्या शेवटच्या ९११ चे उत्पादन १९९८ साली थांबले. त्या जुन्या मोटारींच्या किमती पुढे इतक्या चढल्या की सामान्य हौशी माणसाने त्यांच्याकडे नुसते पाहावे. ९९६ ही मात्र कित्येक वर्षे सर्वांत स्वस्तात मिळणारी ९११ होती. म्हणूनच अनेकांना आयुष्यातील पहिली ९११ तिच्यामुळे घेता आली. हे नवे धनी प्रथम चाणाक्ष मिस्त्री गाठून ते मधल्या दांड्याचे बेअरिंग बदलून घेतात, आणि मगच निश्चिंतपणे प्रवासाला निघतात. अलीकडे तिच्याही किमती हळूहळू वर सरकल्या आहेत. ओघळलेल्या अंड्यासारख्या दिव्यांची पहिलीच घडण मुद्दाम शोधणारे लोकही आता निघाले आहेत.