शेतातून गेलेली काच

तांब्याच्या टेलिफोन तारेतून इंटरनेट येतं, तेव्हा एक्स्चेंजपासूनचं अंतर वाढेल तसा वेग घटतो. चार-पाच किलोमीटरवरच्या वाडीपर्यंत त्यातलं फारच थोडं उरतं. चांगल्या काचतंतूत मात्र प्रकाश १५ किलोमीटर गेला तरी त्याची निम्मी ताकद शिल्लक असते.

इंग्लंडमधल्या लँकेशर परगण्यातल्या खेड्यांना हे ठाऊक होतं. पण इतक्या विरळ वस्तीसाठी केबल टाकायला मोठ्या कंपन्या पुढे येईनात. शेवटी २०११मध्ये गावकऱ्यांनी ‘बी-फोर-आर-एन’ ही स्वतःची संस्था उभारली. लँकेस्टर विद्यापीठातले नेटवर्क-तज्ज्ञ बॅरी फोर्ड यांनी आराखडा आखला, भांडवल शेअर विकून जमवलं.

या कामात सगळ्यात महाग असते ती खोदाई. नेमकी तीच त्यांनी स्वस्त केली! रस्ते फोडण्याऐवजी काचतंतूच्या नळ्या शेतांतून नेल्या, शेतकऱ्यांनी वाट फुकट दिली आणि चर खणायला गावकरीच उतरले. महिना ३० पौंडांत घरोघरी सेकंदाला एक गिगाबिट वेग मिळू लागला. डाउनलोडला जेवढा, तेवढाच अपलोडलाही.

आपल्याकडे ‘भारतनेट’ची केबल ग्रामपंचायतीपर्यंत आणण्याची योजना आहे. तिथून घरापर्यंतचा टप्पा मात्र अनेक गावांत रखडलेला आहे. बांधावरून शेजाऱ्याच्या पाइपलाइनला वाट देणाऱ्या गावांनी येत्या ग्रामसभेत या नळीचाही विषय जरूर घ्यावा.