ऐंशी रेणू पडद्यावर, दोन कुपीत

परमा अर्थात गनोरिया हा लैंगिक संबंधांतून पसरणारा रोग एकेकाळी पेनिसिलिनने सहज बरा होत असे. त्यानंतर या रोगाच्या जंतूंनी एकामागून एक प्रतिजैविके निष्प्रभ केली. या जंतूंसाठी नवे औषध शोधण्याच्या कामाला अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील, म्हणजेच एमआयटीतील, संशोधकांनी संगणकाला जुंपले. जंतुनाशक ठरू शकेल असा एक लहानसा रासायनिक तुकडा निवडून त्याभोवती संगणकाने सुमारे ७० लाख रेणू रचले. एकावर एक चाळण्या लावत ही यादी हजारापर्यंत आणि पुढे ८० पर्यंत खाली आली. हे ८० रेणू प्रत्यक्ष तयार करून मिळतील काय, अशी विचारणा रसायने बनवून देणाऱ्या कंपन्यांकडे करण्यात आली. त्यांतील केवळ दोन बनू शकले.

त्या दोहोंपैकी एक रेणू परम्याच्या जंतूंवर अत्यंत प्रभावी ठरला. 'एनजी-१' असे त्याचे नामकरण झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये 'सेल' या नियतकालिकात त्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. शोधनिबंधाच्या प्रमुख लेखकांमध्ये २०२३ साली एमआयटीतूनच पीएच.डी. झालेल्या जॅकलिन वालेरी यांचा समावेश आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेने प्रतिजैविक निर्माण केल्याची बातमी जगभर झळकली आणि ती चुकीची नव्हती. मात्र या क्षेत्राची आजची स्थिती समजून घ्यायची असेल, तर ७० लाख या आकड्यापेक्षा ८० आणि २ हे आकडे अधिक बोलके आहेत.

औषधात उपयोगी पडू शकतील अशा आकारमानाच्या रेणूंची कल्पनीय संख्या एकावर साठ शून्ये इतकी असावी, असा अंदाज नेहमी दिला जातो. माणसाने आजवर नोंद केलेल्या रासायनिक पदार्थांची संख्या वीस कोटींहून अधिक आहे. म्हणजे आपण ज्याला रसायनशास्त्र म्हणतो, ते या अफाट प्रदेशाच्या उंबरठ्यावरच उभे आहे. शोधाची जुनी पद्धत स्थळे पाहण्यासारखी होती. हाती असलेल्या यादीतील एकेक रेणू तपासायचा, जुळला तर ठेवायचा, नाहीतर पुढच्याकडे वळायचे. नवनिर्मिती करणारी कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजेच जनरेटिव्ह एआय, हा क्रम उलटा करते. तिला आधी अपेक्षा सांगायच्या आणि त्यांना साजेसे स्थळ तिने स्वतःच रचून द्यायचे. असे स्थळ जगात असेलच याची हमी अर्थातच कोणी देत नाही.

या पद्धतीचा पाया ज्या कामाने घातला गेला, ते २०१६ साली हार्वर्ड विद्यापीठातून पुढे आले. रफाएल गोमेझ-बॉम्बारेल्ली, अलान आस्पुरु-गुझिक आणि त्यांचे सहकारी यांनी एक साधी युक्ती योजली. रेणूची रचना अक्षरांच्या ओळीत लिहिण्याची 'स्माइल्स' नावाची लिपी डेव्हिड वाइनिंगर यांनी १९८० च्या दशकात तयार केली होती. या लिपीत इथाइल अल्कोहोल म्हणजे दोन कार्बन आणि एक ऑक्सिजन, अर्थात 'सीसीओ'. हायड्रोजन गृहीत धरलेले असतात. हार्वर्डच्या गटाने अशा सुमारे अडीच लाख ओळी संगणकाला वाचायला दिल्या. प्रत्येक ओळीचे त्याने आकड्यांच्या एका संचात रूपांतर करायचे आणि त्या आकड्यांवरून मूळ ओळ पुन्हा लिहायची, असा हा सराव होता. सरावाअंती रेणूंचा जणू एक नकाशा तयार झाला. त्यावर सारखे रेणू जवळजवळ आणि वेगळे दूरदूर बसले. आता दोन ज्ञात रेणूंच्या मधल्या मोकळ्या जागेवर बोट ठेवून 'येथे काय आहे?' असे विचारता येऊ लागले.

अडचण आली ती शुद्धलेखनाची. या लिपीत एक कंस उघडा राहिला किंवा वलय मिटवणारा अंक गळाला, तर संपूर्ण ओळ निरर्थक ठरते. शिवाय व्याकरण जुळले तरी रसायनशास्त्र जुळेलच असे नाही. कार्बनला चार हात असतात, पण अक्षरे जुळवणाऱ्या यंत्राला पाच हातांचा कार्बन लिहिण्यात काहीही गैर वाटत नाही. नकाशावर सहज म्हणून कुठेही बोट ठेवले, तर अर्थपूर्ण रेणू हाती लागण्याचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी भरले.

एमआयटीत पीएच.डी. करीत असलेल्या वेनगाँग जिन यांनी रेजिना बार्झिले आणि टॉमी याकोला यांच्यासह २०१८ मध्ये यावर तोडगा काढला. यंत्राला सुटी अक्षरे देण्याऐवजी त्यांनी तयार शब्द दिले. वलये, बंध अशा सुमारे ७८० रासायनिक तुकड्यांचा एक शब्दसंग्रह बनवला. यंत्र आधी तुकड्यांची मांडणी ठरवी आणि नंतर ते एकमेकांना जोडी. प्रत्येक जोडणीच्या वेळी रसायनशास्त्राचा नियम तपासला जात असल्याने अर्थपूर्ण रेणूंचे प्रमाण थेट शंभर टक्क्यांवर गेले. पीएच.डी.च्या एखाद्या प्रबंधासाठी याहून नेटका निकाल क्वचितच मिळत असेल.

तरीही बरोबर लिहिलेला रेणू उपयोगी असतोच असे नाही. नव्या पद्धतींची तुलना करण्यासाठी त्या काळात सर्वच गट एक ठराविक गुणांकन वापरत असत. रेणू पाण्यापेक्षा तेलकट द्रवात किती विरघळतो, हे त्याचे मुख्य परिमाण होते. रेणू बनवायला अवघड असेल किंवा त्यात फार मोठी वलये असतील, तर त्याचे गुण कापले जात. क्लासमध्ये प्रश्नपत्रिकेचा साचा पाठ केलेल्या विद्यार्थ्याने करावे तेच यंत्रांनी केले. कार्बनला कार्बन जोडत लांबच लांब साखळी बनवली की गुण वाढत जातात, हे त्यांच्या लक्षात आले. शोधनिबंधांतील आकडे वर्षागणिक चढत गेले. पण त्या चढत्या आकड्यांमागचे रेणू औषध म्हणून कोणताही रसायनशास्त्रज्ञ हाती धरणार नाही असे होते. यात दोष यंत्राचा नव्हता. जे विचारले त्याचेच उत्तर त्याने दिले होते. हैदराबादच्या ट्रिपल आयटीतील एका गटाने २०२१ मध्ये वेगळा मार्ग अवलंबला. रेणूचे निरनिराळे गुणधर्म सुधारण्यासाठी त्यांनी यंत्राला मिळणारी बक्षिसे आलटून पालटून दिली.

खरा बोचरा प्रश्न २०२० मध्ये एमआयटीतीलच वेनहाओ गाओ या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याने आपले मार्गदर्शक कॉनर कोली यांच्यासह विचारला. हे सगळे रेणू बनवता तरी येतात का? बाजारात मिळणाऱ्या साध्या रसायनांपासून एखादा रेणू कोणत्या पायऱ्यांनी तयार करता येईल, हे उलट दिशेने शोधणारी संगणक प्रणाली एमआयटीत उपलब्ध होती. नावाजलेल्या पद्धतींनी सुचवलेले रेणू गाओ यांनी तिच्यातून गाळून पाहिले. अनेक पद्धतींच्या बाबतीत चित्र निराशाजनक होते. गुणांच्या शर्यतीत सर्वांत पुढे असलेल्या कित्येक रेणूंकडे जाणारी वाटच त्या प्रणालीला सापडेना. स्वतःच्या क्षेत्रातील यश मोजण्याची रीतच सदोष आहे, असे सांगणारे संशोधन एखाद्या विद्यार्थ्याच्या हातून होणे, हे त्या क्षेत्राच्या निकोपपणाचे लक्षण मानावे लागेल.

दोन वर्षांनी या गटाने त्यावर उपायही मांडला. यंत्राला रेणू रेखाटायला सांगायचेच नाही, तर त्याची कृती लिहायला सांगायची. बाजारातील अमुक रसायन घ्या, त्यावर तमुक अभिक्रिया करा, जे मिळेल त्यात तिसरे मिसळा. अखेरीस जो पदार्थ तयार होईल तो यंत्राचा प्रस्ताव. सामानाची यादी आणि कृती अशी सोबतच येत असल्याने अशक्यप्राय रेणूंना बराच आळा बसतो. अर्थात लिहिलेली प्रत्येक पाककृती साधतेच असे नाही, हे स्वयंपाकघरात वावरणाऱ्या कोणालाही सांगायला नको.

रेणूंबाबत इतका खटाटोप, तर घन पदार्थांची कथा आणखी गुंतागुंतीची. बॅटरी, चुंबक किंवा सौर घट यांत वापरले जाणारे पदार्थ बहुधा स्फटिकमय असतात. अणूंची एक लहान चौकट तिन्ही दिशांना अखंड पुनरावृत्त होत जाते आणि तिला ओळीत लिहिणारी सोपी लिपी नसते. स्फटिकाच्या रचनेवरून त्याचे गुणधर्म वर्तवणारी एक पद्धत तियान शिए यांनी एमआयटीत पीएच.डी. करीत असताना २०१८ मध्ये विकसित केली होती. २०२१ मध्ये त्यांनी शियांग फू या पीएच.डी.च्या विद्यार्थ्यासह आणि अन्य सहकाऱ्यांसह पुढचे पाऊल टाकले. आज एका वाक्यावरून चित्र काढून देणाऱ्या प्रणाली ज्या तत्त्वावर चालतात, तेच तत्त्व त्यांनी स्फटिकांना लावले. व्यवस्थित रचलेले अणू थोडे थोडे विस्कटायचे आणि तो विस्कोट निस्तरायला यंत्राला शिकवायचे. यंत्र त्यात तरबेज झाले की त्याला निव्वळ गोंधळ द्यायचा. तो निस्तरता निस्तरता एक नवा स्फटिक समोर येतो.

शिए पुढे मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागात गेले. तेथे 'मॅटरजेन' ही प्रणाली उभी राहिली. सुमारे ६ लाख ८ हजार पदार्थांवर शिकलेल्या या प्रणालीचा शोधनिबंध जानेवारी २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये आला. दाबाला २०० गिगापास्कल इतका विरोध करणारा पदार्थ द्या, अशी मागणी तिच्याकडे करण्यात आली. तिने सुचवलेला टँटलम, क्रोमियम आणि ऑक्सिजन यांचा पदार्थ चीनमधील शेंझेन येथील प्रयोगशाळेत तयार करण्यात आला. प्रत्यक्ष मापन भरले १६९ गिगापास्कल. मागणी ते मापन हा प्रवास पूर्ण झाला होता आणि तफावत वीस टक्क्यांच्या आत होती.

मग वाद उद्भवला. प्रयोगशाळेत तयार झालेला पदार्थ १९७२ पासूनच ज्ञात आहे आणि यंत्राला शिकवताना वापरलेल्या माहितीतही तो होता, असा आक्षेप त्याच वर्षी एका रसायनशास्त्रज्ञाने घेतला. हा आक्षेप समजण्यासाठी नाट्यगृहातील खुर्च्या डोळ्यांसमोर आणाव्यात. तिकिटावर आसनक्रमांक असेल, तर कोणता प्रेक्षक कोठे बसणार हे ठरलेले असते. क्रमांक नसतील तर खुर्च्या त्याच, पण माणसे हवी तशी बसतात. अनेक स्फटिकांत दोन धातूंचे अणू असेच 'मुक्त आसनव्यवस्थे'त असतात. संगणक मात्र प्रत्येक अणूला ठराविक खुर्ची देतो आणि आसनांची प्रत्येक निराळी मांडणी त्याला निराळा पदार्थ वाटते. भट्टीतून बाहेर येतो तो अनेकदा जुनाच, मुक्त आसनांचा पदार्थ. मॅटरजेनच्या संशोधकांनीही आपल्या नमुन्यात अशी सरमिसळ असल्याचे नोंदवले होते. मतभेद आहे तो त्याला नवा म्हणायचे की नाही, यावर.

हा खुलासा किती महत्त्वाचा आहे, हे आधीच्या एका प्रकरणावरून कळते. कॅलिफोर्नियातील बर्कले येथील स्वयंचलित प्रयोगशाळेने १७ दिवसांत ५८ पैकी ४१ अपेक्षित संयुगे तयार केल्याचे नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर झाले. तेथे लक्ष्ये जनरेटिव्ह प्रणालीने रेखाटलेली नव्हती, संगणकीय गणितातून निवडलेली होती. तरी दुखणे तेच निघाले. लंडनचे रॉबर्ट पालग्रेव्ह आणि प्रिन्स्टनच्या लेस्ली शूप यांच्या गटाने २०२४ मध्ये क्ष-किरणांच्या आलेखांची फेरतपासणी केली आणि त्यांतील एकही पदार्थ नवा नाही, असे मत मांडले. पीएच.डी.चा प्रबंध उभा राहतो तो 'नवे' या एका शब्दावर. तो शब्द वापरण्याआधी पन्नास वर्षांपूर्वीची नियतकालिके चाळणे आणि आलेखातील एखादे अस्पष्ट शिखर तासन्‌तास निरखणे, हे काम अजून तरी यंत्राने माणसाच्या हातून काढून घेतलेले नाही.

औषधांच्या क्षेत्रात या पद्धतीने बरीच मजल मारली आहे. फुप्फुसांच्या ऊती निबर होत जाणाऱ्या एका असाध्य विकारावर जनरेटिव्ह एआयच्या साह्याने रचलेल्या रेंटोसर्टिब या औषधाची चाचणी चीनमध्ये ७१ रुग्णांवर झाली. तिचे निष्कर्ष २०२५ मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये आले. बारा आठवड्यांत सर्वाधिक मात्रा घेणाऱ्या गटाची श्वासक्षमता सरासरी ९८.४ मिलिलिटरने वाढली, तर औषधविरहित गोळी घेणाऱ्यांची २०.३ मिलिलिटरने घटली. इतक्या लहान चाचणीवरून औषध सिद्ध झाले असे कोणी म्हणणार नाही. परंतु यंत्राने रेखाटलेला रेणू रुग्णाच्या पोटात गेला आणि त्याचे मोजमाप झाले, ही गोष्ट दहा वर्षांपूर्वी हार्वर्डच्या नकाशावर नव्हती.

एमआयटीच्या प्रयोगात दुसरी एक वाटही चोखाळली गेली होती. कोणताही तुकडा बंधनकारक न ठेवता यंत्राला मोकळे सोडल्यावर त्याने २ कोटी ९० लाखांहून अधिक रेणू रचले. चाळणीअंती ९० च्या आसपास उरले. त्यांतील २२ बनवता आले आणि सहा रेणू औषधांना न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जंतूंवर जोरकस परिणाम करणारे ठरले. त्यांपैकी 'डीएन-१' या रेणूने उंदरांच्या त्वचेवरील संसर्ग नाहीसा केला. एनजी-१ नेही उंदरांतील परम्यावर काम केले. शोधनिबंध प्रसिद्ध झाला त्या वेळी दोन्ही रेणू औषध होण्यापासून दूरच होते. फेअर बायो ही ना-नफा संस्था त्यांच्या रचनेत फेरफार करून पुढील चाचण्यांसाठी त्यांना घडवण्याच्या कामाला लागली होती.