‘रॉकी’च्या ७२ पायऱ्या

फिलाडेल्फियाच्या कला संग्रहालयासमोर ७२ दगडी पायऱ्या आहेत. लोक त्या धावत चढतात, वर दोन्ही हात उंचावून फोटो काढतात. बरेच जण तर संग्रहालयात न शिरताच परततात! ही सगळी १९७६च्या ‘रॉकी’ या सिनेमाची किमया.

गॅरेट ब्राउन यांनी धावतानाही कॅमेऱ्यातलं चित्र स्थिर ठेवणारं ‘स्टेडिकॅम’ हे उपकरण बनवलं. नमुना म्हणून त्यांनी आपल्या मैत्रिणीला याच पायऱ्यांवर धावताना टिपलं. ते पाहून ‘रॉकी’चे दिग्दर्शक जॉन अ‍ॅव्हिल्डसन यांनी चौकशी केली, की या पायऱ्या आहेत कुठे? पुढे रॉकीच्या भूमिकेतला सिल्व्हेस्टर स्टॅलोन त्याच पायऱ्या चढला. जेमतेम दहा लाख डॉलरच्या या सिनेमाने तीन ऑस्कर पटकावले, त्यात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचाही.

माझ्या मते सिनेमाचं खरं बळ शेवटात आहे. मुष्टियोद्धा रॉकी लढत हरतो, पण पंधराव्या फेरीअखेरही पायांवर उभा असतो. जिंकण्यापेक्षा टिकून राहण्याचा हा मान सामान्य माणसाला आपला वाटतो.

एक गोष्ट मात्र सलते. सिनेमातल्या रॉकीसारखा खाटीकखान्यात टांगलेल्या मांसावर ठोसे मारणारा खरा माणूस म्हणजे याच शहरातला विश्वविजेता जो फ्रेझर. ‘रॉकी ३’साठी घडवलेला काल्पनिक रॉकीचा ब्राँझ पुतळा १९८०च्या दशकातच शहराला मिळाला, फ्रेझरचा उभा राहिला २०१५ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर.

सिनेमा पुन्हा पाहाल तेव्हा शेवटच्या लढतीआधी रिंगमध्ये नीट बघा. फ्रेझर स्वतः तिथे आहे. त्यालाही दाद द्या!