नेमका कुठला हिरवा?

घरी गिटारचं पेडल बनवणाऱ्याची गाडी सर्किटपाशी सहसा अडत नाही. फझ फेससारख्या पेडलाच्या सर्किटमध्ये दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर आणि दोन पॉट एवढाच ऐवज. सोल्डरिंग येत असेल तर एका संध्याकाळचं काम. गाडी अडते ती पुढे. हातात अ‍ॅल्युमिनियमची कोरी डबी असते, डोळ्यांसमोर एखाद्या मूळ पेडलचा रंग असतो, आणि दुकानदार विचारतो, "हिरवा म्हणजे कुठला हिरवा देऊ?" पेडलांच्या साठेक वर्षांच्या इतिहासात या प्रश्नाचं उत्तर दर दशकाला अवघड होत गेलं आहे. गंमत अशी, की ज्या रंगांसाठी आपण जिवाचं रान करतो, त्यातले बरेचसे कुणी फारसा विचार करून निवडलेलेही नसावेत, असं माझं मत आहे.

सुरुवातीला रंगाचा प्रश्नच नव्हता. 1962 साली आलेलं माएस्ट्रोचं फझ-टोन हे तपकिरी, उतरत्या पाचरीच्या आकाराचं पेटाडं होतं. 1965 साली कीथ रिचर्ड्सनं 'सॅटिस्फॅक्शन'मध्ये ते वाजवलं आणि दुकानांतला माल संपला. पण त्या तपकिरीची नक्कल करायला कुणी धावलं नाही. 1966 मध्ये लंडनच्या आयव्हर आर्बिटर यांनी फझ फेस आणला. त्याची गोल तबकडी माइक-स्टँडच्या तळावरून सुचलेली. रंग लाल किंवा करडा, पुढे निळा, आणि पृष्ठभाग बारीक ठोके मारल्यासारखा खडबडीत.

हा हॅमरटोन आपल्याला नवा नाही. लेथ मशीन, वजनकाटे, जुनी स्टीलची कपाटं यांच्या अंगावर तो वर्षानुवर्षं आहे. त्यात अ‍ॅल्युमिनियमची बारीक पूड असते आणि सिलिकॉनचा अंश असतो. सुकताना त्या सिलिकॉनमुळे रंग जागोजागी मागे सरतो आणि खळगे पडतात. कास्टिंगचे डाग, ड्रिलचे ओरखडे, फाइल घसरल्याच्या खुणा, सगळं त्याच्या पोटात जातं. म्हणून घरच्या घरी रंगवणाऱ्याला याच्याइतका दयाळू रंग दुसरा नाही. फक्त त्याच जागी लगेच दुसरा गुळगुळीत रंग मारू नये. हवेत उरलेलं सिलिकॉन नव्या रंगावर बसतं आणि माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे उठतात.

न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्सनं तर रंगाला फाटाच दिला. त्यांचे सुरुवातीचे बिग मफ म्हणजे उघड्या धातूचा वाकवलेला पत्रा आणि त्यावर स्क्रीनप्रिंटची अक्षरं. याच सुमाराला, 1975 मध्ये, क्रेग अँडरटन यांचं 'इलेक्ट्रॉनिक प्रोजेक्ट्स फॉर म्युझिशियन्स' आलं आणि ज्यांनी कधी सोल्डरिंग आयर्न धरलं नव्हतं असे वादकही पेडल जुळवायला लागले. त्या काळात घरगुती पेडल उघड्या धातूचं असलं तरी चालून जायचं. विकतचंही तसंच असायचं.

ही चैन संपवली ती रोचेस्टरच्या एमएक्सआरनं आणि त्यानंतर जपानच्या बॉसनं. एमएक्सआरचे कीथ बार आणि टेरी शेरवूड हे शाळेपासूनचे मित्र, ऑडिओ दुरुस्तीतून या धंद्यात आलेले. त्यांच्या लहान डब्या सगळ्या एका मापाच्या, म्हणून ओळख रंगावरून: फेज 90 नारिंगी, डायना कॉम्प लाल, डिस्टॉर्शन प्लस पिवळा, ब्लू बॉक्स नावाप्रमाणे निळा. बॉसनं 1977 मध्ये लहान पेडलांची मालिका काढली तेव्हा पहिली तीन होती पिवळा ओव्हरड्राइव्ह ओडी-1, हिरवा फेजर पीएच-1 आणि लाल स्पेक्ट्रम एसपी-1. वर्षभरात नारिंगी डीएस-1 आला. व्यवहार साधा होता. अंधाऱ्या स्टेजवर खाली नजर टाकली की कुठल्या डबीवर पाय द्यायचा ते कळलं पाहिजे. कारखान्याच्या दृष्टीनं ही लेबलं होती, पण वाजवणाऱ्यांनी त्यांचे आवाज करून टाकले. नारिंगी म्हणजे दातेरी डिस्टॉर्शन, फिकट निळा म्हणजे कोरस, हे आजही कुणाला शिकवावं लागत नाही.

आणि हिरवा म्हणजे ट्यूब स्क्रीमर. 1979 साली आयबानेझच्या नावानं, पण मॅक्सन ब्रँडवाल्या निशिन ओन्पा कंपनीकडून बनून आलेला टीएस808. 1982 पासून टीएस9. गिटारवादक स्टीव्ही रे व्हॉननं ते वापरलं आणि त्या हिरव्याचं भाग्य उजळलं. आज कुठलाही लहान-मोठा पेडल-कारागीर ट्यूब स्क्रीमरच्या जातीचं सर्किट बनवतो, तेव्हा डबीला हिरव्याची छटा देतोच. नाही दिली तर मुद्दाम नाही दिली असं दिसतं.

पण तो हिरवा मिळत नाही. चाळीस वर्षं घाम, सिगारेटचा धूर आणि स्टेजचे दिवे खाल्लेलं पेडल आज ज्या रंगाचं दिसतं, त्या रंगाचं ते कारखान्यातून निघालं नव्हतं. आपल्यापैकी बहुतेकांनी ते पाहिलं फोटोत, म्हणजे मधे कॅमेरा आला, छपाई आली, पडदा आला. त्यात ट्यूबलाइटखाली जुळलेल्या दोन छटा उन्हात नेल्या की वेगळ्या पडतात, कारण दोन्हींतली रंगद्रव्यं वेगळी असतात. आपल्या दुकानांत इनॅमलच्या शेडकार्डवर 'सी ग्रीन' असतो, 'ब्रिलियंट ग्रीन' असतो. ही नावं आणि त्यांचे क्रमांक आपल्या आयएस 5 या मानकात ब्रिटिश मानकावरून आले. 'सिग्नल रेड' तिथेही 537, इथेही 537. यंत्रं, पाइप, खांब यांच्यासाठी केलेली ही यादी. ट्यूब स्क्रीमरचा हिरवा तिच्यातल्या दोन घरांच्या मधे कुठेतरी राहतो.

उलट रशियात बनलेल्या सोवटेक बिग मफचा, 1990च्या दशकातला लष्करी हिरवा चुटकीसरशी सापडतो. जीपवाल्यांसाठी ऑलिव्ह ग्रीनचा कॅन कुठेही असतो.

पिवळ्या-नारिंगीचं दुखणं वेगळंच आहे आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत रंजक. जुन्या औद्योगिक पिवळ्या आणि नारिंगी रंगांत लेड क्रोमेट सर्रास असे. विषारी, पण झाकण्याची ताकद जबरदस्त. पातळ थरातही खालचं काही दिसू देत नसे. पुढे शिशाचे रंग हद्दपार होत गेले. भारतातही घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण 90 पीपीएमच्या आत ठेवण्याचा नियम 2016 मध्ये झाला. त्यांच्या जागी आलेली सेंद्रिय रंगद्रव्यं चमकदार आहेत, पण पारदर्शक. नारिंगीचा कॅन कोऱ्या धातूवर किंवा करड्या प्रायमरवर मारून बघा: पहिल्या हाताला आजारी भोपळा, तिसऱ्या हाताला वीट, आणि पाचव्या हाताला कडेवरून ओघळ. खाली पांढरा प्रायमर असेल तर तोच कॅन दुसऱ्या हातातच पेटतो. रंग चुकीचा घेतला म्हणून दुकानात परत गेलेल्या कितीतरी जणांचा प्रत्यक्षात प्रायमर चुकलेला असतो. टोपणाच्या रंगावर तर कधीच जाऊ नये. ते प्लॅस्टिक आहे, रंग नव्हे.

1994 मध्ये बिल फिनेगन यांचं क्लॉन सेंटॉर आलं आणि सोनेरीनं वेड लावलं. सर्किटवर इपॉक्सी ओतलेली, नगही मोजके. त्यामुळे किमती चढत चढत हजारो डॉलरवर गेल्या. कुणीतरी ती इपॉक्सी खरवडून सर्किट उलगडलं आणि घराघरांत क्लॉन बनू लागलं. आवाज जवळपास पोचला. सोनेरी मात्र हुलकावणी देत राहिला. कॅनमधल्या सोनेरी रंगात धातूची किंवा धातूसारखी चमकणारी पूड तरंगत असते. ती कशी आडवी बसते यावर झळाळी ठरते. जाड हात मारला की पूड उभी-आडवी होऊन रंग पितळेचा नाही तर मातीचा होतो. आणि टिकावा म्हणून वर पारदर्शक क्लिअर मारावा, तर पूड पुन्हा हलते आणि झळाळी विझते. क्लिअर न मारावा, तर बूट चार दिवसांत सोनं उतरवतो.

सेंटॉर आलं त्याच सुमाराला मिनिआपोलिसच्या झॅकरी वेक्स यांनी फझ फॅक्टरीच्या डब्या हातानं रंगवून विकायला काढल्या आणि नक्कल करणाऱ्यांना एक पळवाट दिली. प्रत्येक नग वेगळा असेल तर जुळवायचं कशाशी? घरगुती पेडलांवर नेलपॉलिशचे ओघळ, स्टेन्सिल, कॉमिकची कात्रणं दिसायला लागली. मला यातली निम्मी पेडलं बघवत नाहीत, पण त्यांच्या मालकांना रात्री झोप येते, हेही खरं.

आमच्याकडे हा छंद उशिरा रुजला. सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत मिळायचे. हॅमंडची 1590बी, ती 112 बाय 60 मिलिमीटरची कॅनडाची डबी, मात्र मागवावी लागे. रंगासाठी हार्डवेअरच्या दुकानापेक्षा नाना पेठेतले गाड्यांच्या रंगाचे दुकानदार बरे. तिथला माणूस नमुना हातात घेतो, दाराबाहेर उजेडात नेतो, अंगठ्यानं पुसतो आणि एखाद्या जुन्या स्कूटरचं नाव घेऊन शेड सांगतो. यात परंपराही आहे. फेंडरनं आपल्या गिटारींचे खास रंग ड्यूपाँटच्या मोटारींच्या यादीतूनच उचलले होते. लेक प्लॅसिड ब्लू आधी कॅडिलॅकचा, मग स्ट्रॅटोकास्टरचा.

रंग मिळाला तरी आपला पावसाळा असतोच. लॅकर सुकताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर धरते आणि काळ्याभोर डबीवर दुधाळ ढग उतरतो. त्यामुळे जून ते सप्टेंबर सर्किटं करावीत आणि डब्या दिवाळीच्या उन्हाला ठेवाव्यात, असा इथला अलिखित शिरस्ता. बाकी कृती सगळीकडची तीच. डबी वॉटर पेपरनं घासायची, थिनरनं पुसायची, त्यानंतर बोट लावायचं नाही, आणि अ‍ॅल्युमिनियम असल्यामुळे एचिंग प्रायमर हवाच. नाहीतर जॅकचं नट आवळताना रंग पापडासारखा सुटतो. इनॅमलवर लॅकर मारायचा नाही, सुरकुत्या येतात. जॅकच्या भोकातून तार ओवून डबी टांगायची, फवारा डबीच्या बाहेर सुरू करायचा आणि बाहेरच थांबवायचा.

आता हा खटाटोप बराचसा ओसरला आहे. थायलंडच्या टायडासारख्या दुकानांकडून भोकं पाडलेली, पावडर कोटिंग केलेली डबी हव्या त्या रंगात येते, वर छपाईही करून मिळते. पावडर कोटिंग म्हणजे विजेच्या भारानं चिकटवलेली कोरडी पूड, साधारण 200 अंशांवर भाजलेली. बूट तिचं काही बिघडवू शकत नाही. इथल्या एमआयडीसीतही ती करून मिळते, पण एका डबीसाठी कुणी भट्टी पेटवत नाही. मालक सांगतो, ठेवून जा, लाइनीत टाकतो. म्हणजे खिडक्यांच्या ग्रिलची जी ऑर्डर चालू असेल तिच्याच हुकांवर आपली डबी टांगली जाते. ऑर्डर कॉफी ब्राउनची असेल तर ट्यूब स्क्रीमर कॉफी ब्राउन होऊन येतो. हिरव्याचा बॅच कधी लागेल ते मालकालाही ठाऊक नसतं. ग्रिल हिरवी करून घेणारी गिऱ्हाइकं कमी.